अस्तराचा तुकडा

१

गिऱ्हाईक कधीच जाड होत नाही, नेहमी कापडच आटतं. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही. मान डोलावतो, टेप काढतो आणि खरं माप घेतो. माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, त्याच्या कपड्यांवर ठेवायचा. शिंप्याचा धंदा मला हेच शिकवून गेला, आणि स्वभाव आधीपासूनच तसा होता.

‘‘दादा, तुला आरशातला माणूससुद्धा खोटारडा वाटत असेल,’’ असं माझी धाकटी बहीण पूर्वी म्हणायची. पूर्वी म्हणजे तिच्या लग्नाआधी. तिला घरात सगळे ठकी म्हणत. मी अजूनही म्हणतो.

ठकी एका बॅगेनिशी नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, ती भिंतीकडे बघत राहिली, मग मी पुन्हा विचारलं नाही. पुढे दुकान आणि पडद्यामागे आमची खोली, असं आमचं घर. खोलीच्या मागच्या खिडकीशी स्टूल घेऊन ती काजं-बटणं करत बसायची. तोंड खिडकीकडे, पाठ सगळ्या जगाकडे. तिच्या नवऱ्याचे निरोप मात्र येत होते. झालं गेलं विसर, परत ये. ठकी ते निरोप वाचून फोन पालथा ठेवायची आणि मला धडकी भरायची. एखाद्या दुपारी मी बाहेर असताना हिनं बॅग उचलली तर? मला दुसरं काही नको होतं. ती बोलायला लागावी, हसावी, आणि त्या माणसाकडे परत जाऊ नये.

मी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘घरात एखादं जनावर आणून बघा.’’ कुत्र्याला दुकानात गिऱ्हाइकांवर भुंकण्यापलीकडे काय काम? म्हणून मांजर.

२

बेवारशी मांजरांना घरं शोधून देणाऱ्या एक बाई आहेत. त्या स्वतःच पिंजरा घेऊन आल्या. आत राखाडी रंगाचं मोठं मांजर. म्याव नाही की धडपड नाही. जाळीतून ते माझ्या दुकानाकडे असं बघत होतं की जणू भाड्यानं घ्यायचा विचार चाललाय.

‘‘आधीच्या घरातला माणूस राहिला नाही,’’ बाई म्हणाल्या.

‘‘वारला?’’

‘‘कोण जाणे. निघून गेला म्हणतात. दार नुसतं लोटलेलं होतं. ही खुर्चीत बसलेली. पण नशीब बघा, उपाशी नव्हती. वाटी काठोकाठ भरलेली होती.’’

मग त्यांनी मला नियम सांगितले. मांजराला एकदम सगळं घर दाखवायचं नाही. आधी एक खोली, ती अंगवळणी पडली की दुसरी. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही. ते मांडीवर बसलं असेल तर मुळीच हलायचं नाही, कोणी मध्ये बोलावून उठवायचंही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्या खोक्यात घरातल्या माणसाचा अंगावरचा, न धुतलेला कपडा घालायचा.

‘‘तो वास त्याच्या नाकात बसला की ते समजतं, हा इथला घरधनी. मग बाकी कोणी कितीही आलं-गेलं तरी ते बिथरत नाही. तुमचा एखादा शर्ट द्या.’’

आता शर्ट का द्यायचा? शिंप्याच्या घरात कापडाला काय तोटा? टेबलाखालच्या चिंध्यांच्या टोपलीत मी हात घातला. हाताला काळपट, मऊ अस्तर लागलं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं जुनं अस्तर उसवून मी नवं घातलं होतं, त्यातलाच तो पाठीचा मोठा तुकडा. अंगावरचं होतं, न धुतलेलंही होतं. माझं की दुसऱ्याचं, मांजराला काय कळतंय! मी ते खोक्यात अंथरलं. बाई गेल्या. मांजर पिंजऱ्यातून बाहेर आलं, सरळ खोक्यात शिरलं आणि त्या अस्तरात नाक खुपसून पडून राहिलं.

‘‘बघ, शहाणं आहे,’’ मी ठकीला म्हणालो. शर्ट वाचल्याचा आनंदही होता.

३

नाव ठकीनं ठेवलं, बाईसाहेब. ते इतकं चपखल बसलं की त्यांच्याबद्दल एकेरी बोलायची माझी हिंमत होईना. बाईसाहेब चार पावलं टाकून थांबायच्या, भिंतीचा कोपरा हुंगायच्या, त्याला गाल घासायच्या आणि पुढे जायच्या. खोली झाली, मग स्वयंपाकघर झालं. दुकानात मात्र बंदी. लोकांच्या कपड्यांना केस लागले तर माझा धंदा बसेल. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा प्रश्न आमच्याकडे मीच सोडवला. मखमलीची एक पट्टी शिवली, तिला बारीक घुंगरू लावला आणि ती बाईसाहेबांच्या गळ्यात बांधली. दुकानात मशीन चालवतानाही कळायचं, आत्ता त्या ओट्यावर आहेत, आत्ता खाली उतरल्या.

आणि ठकी बदलली. आधी ती मांजराशी बोलायला लागली, मग माझ्याशी. भाजीत मीठ कमी पडलं तर सांगायला लागली. एका संध्याकाळी चक्क हसली. मी मशीन थांबवून ऐकत राहिलो. तिच्या गालांवर रंग चढत होता आणि मला फार बरं वाटत होतं. त्या दिवसांत मी सुखी होतो, हे सांगून टाकलेलं बरं.

एकच गोष्ट खटकत होती. बाईसाहेब माझ्याकडे येत नसत. ठकीच्या पायाशी लोळत, पण मी हात पुढे केला की मागे सरकत. तरी खोलीतल्या आमच्या वडिलांच्या वेळच्या हातांच्या खुर्चीवर रोज केस पडलेले असत. मी ते झटकायला गेलो, तेव्हा माझा हात थांबला. मांजर खुर्चीत झोपलं तर केस बैठकीच्या मधोमध पडतात. इथे बैठक स्वच्छ होती. केस होते ते कडेकडेनं आणि पुढच्या काठावर. मधे कोणी बसलेलं असावं आणि मांजर त्याच्या मांडीवर असावं, अगदी तसे.

ठकी बसत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण ठकी बारीक चणीची. ती मोकळी जागा चांगली ऐसपैस होती.

४

ज्याचं अस्तर मी काढलं होतं, तो कोट दुकानाच्या दांडीवर शेवटच्या हँगरला लटकत होता. कोटवाला तो घेऊन जायला आलाच नव्हता. मी त्याला आठवून बघायचो, पण चेहरा डोळ्यांसमोर येत नसे. मापं मात्र पाठ होती. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, थोडा आत घ्या. घेतला. काही दिवसांनी पुन्हा आला. आणखी आत घ्या. ‘‘आजारी होतात का?’’ मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘नाही हो, घरी आता माझी फारशी गरज पडत नाही.’’ असल्या बोलण्यावर काय म्हणायचं असतं? मी खडूनं खुणा केल्या. शेवटी तर कोट इतका आत घ्यावा लागला की एखाद्या काठीला घालता आला असता. अस्तरही तेव्हाच बदललं. कडक इस्त्री केली आणि लटकवून ठेवला.

त्या दिवशी दांडीवर दुसरं काही शोधताना माझा हात त्याला लागला. बाहीच्या कोपरात चुण्या होत्या.

लटकवलेल्या कोटाला कोपरात चुण्या पडत नाहीत. त्या पडतात हात दुमडल्यावर, आणि तोही बराच वेळ दुमडून ठेवल्यावर. मी कोट उजेडात आणला. पाठीमागे खाली बसल्याच्या आडव्या सुरकुत्या होत्या. पुढच्या टोकांवर, मांडीच्या जागी, राखाडी केस. आणि पाठीच्या मधल्या शिवणीवर ताण आलेला. मी स्वतः घातलेली टीप दोन्ही बाजूंनी ओढली जाऊन तिचे दोरे दिसत होते.

म्हणजे कोणीतरी हा कोट घालून माझ्या घरात बसत होतं. आणि तो जो कोणी होता, तो काठीसारखा नक्कीच नव्हता. कोट त्याला घट्ट होत होता.

मी कोट पुन्हा इस्त्री करून लटकवला. मला वाटलं, मला सगळं कळलंय. ठकी हसते का, गालांवर रंग का, ते कळलंय. भावोजी येतात. दुपारी मी तयार कपडे पोचवायला आणि बटणं-दोरे आणायला बाहेर पडतो, तेव्हा हा माणूस मागच्या दारानं येतो, माझ्या वडिलांच्या खुर्चीत बसतो, थंडी वाजते म्हणून दांडीवरचा कोट चढवतो आणि माझ्या बहिणीला गोड गोड बोलून परत न्यायला बघतो.

५

मी तिला काही विचारलं नाही. विचारलं तर ती गप्प होईल, आणि गप्प झालेली ठकी मला पुन्हा नको होती. मी पाळत ठेवली. पुढच्या दाराला मी नेहमीच कुलूप लावून जायचो. बाहेर पडण्याआधी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर खडूची पूड पसरली. दाराच्या फटीत दोरा अडकवला. परत आलो तर पूड जशीच्या तशी. दोरा जिथल्या तिथे. कोटाच्या कोपरात मात्र ताज्या चुण्या. दुसऱ्या दिवशीही तेच. पाठीची शिवण आणखी ताणलेली. मग एके दिवशी ती उसवलेलीच होती. इंचभर शिल्लक ठेवून शिवलेलं कापड आतून मोकळं सुटलं होतं.

चोराला रंगेहाथ पकडायचं तर दार तरी कळायला हवं. मला ते कळत नव्हतं.

त्यात माझी तब्येत. भूक लागत होती, जेवत होतो, पण पँट कमरेवर राहत नव्हती. पट्ट्याला नवं भोक पाडलं. दुकानदाराकडे बटणं घ्यायला गेलो, तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘बोला साहेब, काय दाखवू?’’ वर्षानुवर्षं त्याच्याकडून माल घेतोय. मी रागावून म्हणालो, ‘‘चष्मा बदला.’’ तो खजील झाला. ‘‘अरे, तुम्ही होय! किती उतरलात हो. स्वतःची तरी मापं घेत जा.’’

घरी येऊन मी कामाला बसलो. उजव्या हाताच्या मधल्या बोटात माझं पितळी अंगुस्तान असतं. सुई टोचू नये म्हणून घालतात ते टोपण. ते बोटात इतकं बसलेलं की जेवतानाही काढायला विसरतो. त्या दिवशी शिवता शिवता ते आपोआप गळून पडलं, घरंगळत पडद्याखालून आत गेलं आणि खुर्चीखाली कुठेतरी थांबलं. मी आत जाऊन गुडघे टेकून शोधलं. सापडलं नाही. बाईसाहेब खुर्चीशेजारी बसून मला शोधताना बघत होत्या. मी जवळ सरकलो, तशी त्यांनी शेपूट फुगवली.

६

शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. जेवताना मी विचारलं.

‘‘ठके, दुपारी घरात कोण येतं?’’

‘‘कोण येणार?’’

‘‘मी बाहेर गेल्यावर खुर्चीत कोण बसतं?’’

तिनं घास खाली ठेवला. मला वाटलं, आता रडेल. पण ती माझ्याकडे मायेनं बघत होती. इतक्या मायेनं तिनं माझ्याकडे लहानपणानंतर कधी बघितलं नव्हतं.

‘‘लाजू नकोस रे दादा,’’ ती म्हणाली. ‘‘मला माहीत आहे, तू लवकर परत येतोस.’’

‘‘मी?’’

‘‘दुकानाकडून येतोस. पडद्याच्या कड्या वाजतात. मग खुर्ची करकरते, बाईसाहेब उडी मारून मांडीवर चढतात, घुंगरू थांबतो. मी वळून बघत नाही. मांजर मांडीवर असलं की हलवायचं नाही, तूच म्हणाला होतास. आणि खरं सांगू? तुझ्या तोंडाकडे बघत मला ते बोलताच आलं नसतं.’’

‘‘काय बोललीस तू?’’

‘‘सगळंच. तिकडे काय काय झालं ते. तू एकदाही मधे तोंड घातलं नाहीस. नाहीतर तुझा स्वभाव! नुसता ऐकत राहिलास. म्हणून तर मी ह्यातून उठले, दादा. त्यांना मी काल कळवूनसुद्धा टाकलं, मी येणार नाही. आता माझं घर हेच.’’

तिनं पाण्याचा पेला पुढे केला. तिच्या मागे, खुर्चीच्या हातावर बाईसाहेब बसल्या होत्या आणि आळीपाळीनं पंजे दाबत होत्या. खुर्चीच्या हातावर नव्हे, जरा अलीकडे. हवेत. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं तेव्हा त्या साध्यासुध्या बसल्या होत्या.

मी ठकीला खरं सांगितलं नाही. काय सांगणार होतो? जिच्यापुढे ती मोकळी झाली ती रिकामी खुर्ची होती म्हणून? की रिकामीसुद्धा नव्हती म्हणून?

७

सकाळी मी खोक्यातलं अस्तर बाहेर ओढलं. बाईसाहेब फिस्कारल्या. मी तो तुकडा खिडकीपाशी नेला आणि शिंप्याच्या डोळ्यांनी पहिल्यांदाच नीट बघितला. जिथे शिवण उसवली होती, तिथे जुन्या टाक्यांच्या आत केस अडकले होते. वर पडलेले नव्हे. टाक्यांखाली दाबले गेलेले, कोटवाल्यानं कोट वापरला त्या काळातले. राखाडी.

बाईंना फोन केला. आधीचा माणूस कसा होता, विचारलं.

‘‘मी त्याला बघितलं नाही हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शेजारी म्हणायचे, फार बारीक झाला होता. शेवटी शेवटी तर लोक त्याला ओळखेनात.’’ मग थांबून म्हणाल्या, ‘‘का? मांजर परत करताय? तुमच्या बहिणीला सवय झाली असेल ना?’’

पलीकडे ठकी बाईसाहेबांना कुशीत घेऊन गुणगुणत होती. ते मांजर तिच्यापासून काढून घ्यायचं? मला ते जमणार नव्हतं. ‘‘नाही, नाही,’’ मी म्हणालो, ‘‘सहज विचारलं.’’

मी कोट आणि अस्तर एका पिशवीत कोंबून तिला गाठ मारली आणि ती लांब नेऊन कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. मग घरी येऊन जे पहिल्याच दिवशी करायचं होतं ते केलं. अंगातला घामट, निळ्या पट्ट्यांचा शर्ट काढला आणि खोक्यात नीट अंथरला. चूक माझी होती, आता दुरुस्त झाली. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, आमच्या धंद्यात यापेक्षा वेगळं काय असतं?

बाईसाहेबांनी शर्ट हुंगला. बराच वेळ हुंगला. मग वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी.

८

त्या दुपारी मी कपडे पोचवायला निघालो, पण कोपऱ्यावरूनच माघारी फिरलो. पँट एका हातानं धरून चालावं लागत होतं, पट्ट्याची सगळी भोकं संपली होती.

कुलूप हळूच काढून दुकानात शिरलो. आतून ठकीचा आवाज येत होता. ती लहानपणची काहीतरी गंमत सांगत होती, आम्ही दोघांनी मिळून केलेली, फक्त आम्हा दोघांनाच माहीत असलेली. मधेच खळखळून हसत होती. घुंगरू वाजत नव्हता. दांडीचा शेवटचा हँगर रिकामा होता. पडदा वीतभर उघडा होता आणि त्यातून मला खिडकीशी बसलेल्या ठकीची पाठ दिसत होती. खुर्ची दिसत नव्हती.

माझा पाय टेबलाला लागला.

ठकी बोलायची थांबली. ‘‘दादा,’’ न वळता ती म्हणाली, ‘‘दुकानात कोणीतरी आलंय वाटतं. बघतोस का?’’

‘अगं, मीच आहे’, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात खुर्ची करकरली.

घुंगरू वाजला. बाईसाहेब जमिनीवर उतरल्या होत्या. पडद्याखालून त्यांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कान मागे पाडले आणि फिस्कारल्या. परक्या माणसाला बघून मांजर फिस्कारतं तसं. त्यांच्यामागून सावकाश, सवयीची पावलं आली. पडद्याच्या कड्या वाजल्या.

पडद्याची कड एका हातानं धरली होती. निळ्या पट्ट्यांची बाही, कफाला मी स्वतः लावलेलं बटण. हात भरलेला, तब्येतीचा होता. मधल्या बोटात पितळी अंगुस्तान घट्ट बसलेलं.

मी मागे सरकलो. माझ्या लक्षात आलं की मी टेबलाच्या अलीकडे उभा आहे, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे. ओरडायला हवं होतं. ठकीला हाक मारायला हवी होती. पण फटीतून ती दिसत होती. तिच्या खांद्यांवरचा ताण गेला होता, पाय हलकेच झुलत होते, आणि ती गुणगुणायला लागली होती. ती बोलत होती, हसत होती, परत जाणार नव्हती. मी तरी दुसरं काय मागितलं होतं?

‘‘काय करायचंय?’’ पडद्यामागून विचारलं. जरा तिरसटपणे, मी विचारतो तसंच.

घसरणारी पँट मी दोन्ही हातांनी वर धरली.

‘‘कमरेत,’’ मी म्हणालो, ‘‘थोडी आत घ्यायची आहे.’’